आधी पत्ता, मग फोन, मग बँक

जपानमधल्या विद्यापीठात एक्स्चेंजवर जाणं, जपानीत ज्याला कोकान ऱ्यूगाकू म्हणतात, ते अभ्यासापेक्षा कागदांच्या क्रमामुळे अवघड वाटतं. तिथली कार्यालयं सहसा कुणाला सरळ नाही म्हणत नाहीत. एक कागद कमी असेल तर अदबीने मान लववून परत पाठवतात. तो कागद ज्या दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो, तो मिळवायला वेगळ्या इमारतीत जावं लागतं. क्रम आधीच डोक्यात पक्का असेल तर चार दिवसांत सगळं उरकतं. नसेल तर पहिला महिना हेलपाट्यांत जातो.

एक्स्चेंज म्हणजे आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यातला करार. शिकवणीची फी आपण इथेच भरतो, तिकडची माफ असते. राहणं, जेवण, विमान आणि विमा आपल्या खिशातून. परत येताना हातात पदवी नसते, गुणपत्रिका असते. ती इथे चालेल की नाही, हा प्रश्न निघण्याआधी सोडवायचा असतो आणि नेमका तोच बहुतेकजण शेवटावर ढकलतात.

पहिला घोळ कॅलेंडरचा. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. वसंत सत्र एप्रिल ते जुलैअखेर किंवा ऑगस्टचा पहिला आठवडा, शरद सत्र सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारीचा आरंभ. आपली सत्रं साधारण जुलै ते नोव्हेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ते मे. सप्टेंबरला गेलात तर इथलं पहिलं सत्र अर्ध्यावर सुटतं आणि फेब्रुवारीत परत येईपर्यंत दुसरं सुरू झालेलं असतं. एप्रिलला गेलात तर दुसऱ्या सत्राची परीक्षा हुकते. म्हणजे एका सत्रासाठी गेलं तरी दोन सत्रांना धक्का लागतो. जपानी भाषेच्या विद्यार्थ्यांनी सप्टेंबर ते ऑगस्ट असं पूर्ण वर्षच घ्यावं हे आमचं स्पष्ट मत. वर्ष लांबतं खरं, पण दोन्हीकडे तुकडे पडत नाहीत. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र विभागप्रमुखांकडून कुठल्या विषयाची परीक्षा कधी देता येईल हे लेखी घेतल्याशिवाय अर्ज भरू नये.

सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आपल्या विद्यापीठाने नावं कळवण्याची मुदत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असते, एप्रिलच्या प्रवेशासाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा, भारतात जुलैत आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि मुंबई दोन्हीकडे केंद्रं आहेत. जुलैचा निकाल ऑगस्टच्या शेवटी लागतो, डिसेंबरचा जानेवारीच्या शेवटी. त्यामुळे सप्टेंबरला जायचं असेल तर आधीच्या डिसेंबरची परीक्षा ही शेवटची उपयोगी परीक्षा. जपानीतून चालणारे तास घ्यायचे तर बहुतेक ठिकाणी एन-२, म्हणजे पाच पातळ्यांतली वरून दुसरी, मागतात. भाषा कार्यक्रमाला त्याहून कमी पातळी पुरते. इंग्रजीतले अभ्यासक्रम घेणाऱ्यांना जेएलपीटीऐवजी टोफेल किंवा आयईएलटीएस लागतं.

आता क्रेडिटचा हिशोब. जपानमध्ये एक तास, म्हणजे एक कोमा, ९० मिनिटांचा असतो आणि सत्रात असे १५ तास होतात. अलीकडे काही विद्यापीठांनी १०० मिनिटांचे १४ तास केले आहेत. व्याख्यानाच्या अशा एका विषयाला तिथे २ क्रेडिट मिळतात, कारण घरी बसून केलेला अभ्यासही त्यात धरलेला असतो. आपल्याकडे १ क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. ९० मिनिटांचे १५ तास म्हणजे साडेबावीस तास, म्हणजे आपल्या मोजणीत दीड क्रेडिट. भाषेच्या विषयांना तर तेवढ्याच वेळेसाठी अनेक ठिकाणी १ क्रेडिट देतात. तिथे २ दिसलं म्हणून इथेही २ मिळेल असं गृहीत धरणारे परत आल्यावर परीक्षा विभागात अडकतात. जाण्याआधी विषयांच्या यादीवर विभागाची सही घ्या. यादीत प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषयही लिहा, कारण तिथे लोकप्रिय विषयांची चिठ्ठी पडते आणि हवा तो विषय मिळेलच असं नाही. अभ्यासक्रमाचा आराखडा म्हणजे सिलॅबस तासांच्या आकड्यासकट उतरवून ठेवावा. इथल्या समितीला नेमका तोच हवा असतो.

निवड झाली की तिकडचं विद्यापीठ आपल्या वतीने तिथल्या इमिग्रेशनकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीसाठी अर्ज करतं. सगळे याला सीओई म्हणतात. लागणारा काळ एक ते तीन महिने. मार्च २०२३ पासून तो ईमेलनेही मिळतो, त्यामुळे कुरियरची वाट पाहणं बऱ्याच जणांचं संपलं. सीओई मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये उतरायचं असतं. तो हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नये. तारीख बदलायचे पैसे लागतातच, वर तिकडच्या वसतिगृहाची चावी ठरलेल्या एक-दोन दिवसांतच मिळते.

सीओईच्या अर्जात भारतीय विद्यार्थी अडतात ते पैशाच्या कागदावर. राहण्याच्या खर्चासाठी दरमहा ८०,००० येनच्या आसपास रक्कम दाखवायची असते, जितके महिने तितक्या पटीने. इथे सीएकडून घेतलेलं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट चालत नाही. घर, सोनं आणि जमीन धरून काढलेला तो आकडा कितीही मोठा असला तरी त्यांना बँकेने दिलेलं शिल्लक प्रमाणपत्र हवं असतं, बँकेच्या शिक्क्यासह आणि इंग्रजीत. खातं वडिलांचं असेल तर नातं दाखवणारा कागद आणि खर्च उचलण्याचं पत्र जोडावं. अर्जाच्या आधी आठवडाभरात कुणाकडून तरी आणून भरलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यात भरते आणि ती आली कुठून याचा खुलासा मागतात. फोटो ४ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर रुंद, मागे साधा पांढरा पडदा. व्हिसाच्या अर्जाला मात्र वेगळ्या मापाचा फोटो लागतो, साडेचार बाय साडेतीन. एकाच वेळी दोन्ही मापांचे काढून घ्यावेत. पूर्वी कधी जपानला जाऊन आला असाल, आठवडाभराच्या शाळेच्या दौऱ्यावर का असेना, तर तारखांसकट लिहावं. त्यांच्याकडे नोंद असतेच.

सीओई आल्यावर व्हिसा ही त्यामानाने सोपी पायरी. महाराष्ट्रातल्या लोकांचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात आणि ते व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रात स्वीकारतात. पासपोर्ट, अर्ज, फोटो आणि सीओई एवढंच मुख्यतः लागतं. खरी छाननी सीओईच्या वेळीच झालेली असते.

नावाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुढचे निम्मे त्रास तिथून सुरू होतात आणि मराठी नावांना ते जास्त होतात. आपल्या पासपोर्टवर बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून असतं. जपानच्या रहिवासी कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असे तिन्ही तुकडे मोठ्या रोमन अक्षरांत एका ओळीत उमटतात. जपानी माणसाला आडनाव आणि नाव अशा दोनच गोष्टी अपेक्षित असतात. त्यामुळे दवाखान्यात कधी वडिलांच्या नावाने हाक येते आणि मुलगा खुर्चीत बसूनच राहतो. फॉर्मवरचे चौकोन संपतात, नाव उरतं. कुठेही स्वतःच्या मनाने वडिलांचं नाव गाळू नका. कार्डावर आहे ते सगळं, त्याच क्रमाने, प्रत्येक ठिकाणी. फोनच्या कंपनीकडे छोटं नाव दिलं आणि बँकेकडे पूर्ण, तर दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतो.

त्याहून बारीक गोष्ट काताकानाची. बँकेत नाव काताकाना लिपीत लागतं आणि रोमनवरून ते कसं लिहायचं याचा एकच अधिकृत नियम नाही, म्हणजे ते तुम्ही ठरवायचं. तुम्ही ठरवलं नाही तर काउंटरवरचा माणूस स्पेलिंग वाचून ठरवतो. ज्ञानेश्वरीचं स्पेलिंग आपण डी, एन, वाय असं करतो. तो ते ‘दोन्यानेशुवारी’ असं काहीतरी वाचतो. काळे आडनाव आणखी मजेशीर. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ तर नाहीच, म्हणून काळे हे ‘कारे’ होतं. लांब स्वरासाठी काताकानात एक आडवी रेघ काढतात. ती ‘का’नंतर पडली तर आडनाव बरोबर येतं, ‘रे’नंतर पडली तर अख्खा शब्द करी राइसमधली करी होतो. हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी परिणाम खरा आहे. बँकेच्या खात्यावर एक रेघ जास्त आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर एक रेघ कमी असेल तर पैसे जमा न होता परत जातात. म्हणून भारतातून निघण्याआधी जपानी येणाऱ्या कुणाकडून आपलं नाव काताकानात लिहून घ्या, फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा आणि सहा महिने त्यात कान्याचाही फरक करू नका.

सामानात काय न्यावं यापेक्षा काय नेऊ नये हे सांगणं जास्त उपयोगाचं. जपानची वीज १०० व्होल्टची, पिन दोन चपट्या पात्यांची. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतात, त्यांना फक्त पिन बदलावी लागते. आपला मिक्सर मात्र तिथे गुरगुरतो, वाटत काही नाही. पाणी तापवायच्या १,००० वॉटच्या रॉडला १०० व्होल्टवर जेमतेम १९० वॉट मिळतात. व्होल्ट निम्म्याहून कमी झाले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. कुकर न्यावा, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा. वसतिगृहांत गॅसऐवजी बऱ्याचदा इंडक्शनच असतं आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. ताजा कढीपत्ता, फळं, बिया, सुटी डाळ नेऊ नये. वनस्पती तपासणीसाठी भारतातून घेतलेलं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. वाळलेले मसाले दुकानातल्या छोट्या बंद पाकिटात असले तर अडचण येत नाही. घरी कांडलेला गोडा मसाला साध्या पिशवीत बांधून नेला तर समजावून सांगत बसावं लागतं. गोव्याचे चोरीस किंवा कुठलाही मांसाचा पदार्थ अजिबात नाही, त्याला दंड आणि शिक्षा दोन्ही आहेत. तुरीची डाळ, हिंग, पोहे तिथल्या भारतीय आणि हलाल दुकानांत मिळतात. तोक्योत शिन-ओकुबो आणि निशी-कासाई हे हमखास पत्ते, बाकीच्या शहरांतून ऑनलाइन मागवता येतं.

औषधं स्वतःपुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीवरची एक महिन्याची. त्याहून जास्त न्यायची तर जपानी आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या तिथे बेकायदा ठरतात. कोडीन असलेली खोकल्याची औषधंही घरीच ठेवावीत. मुलांच्या बॅगेत आईने टाकलेली ती एक पट्टी बहुतेकांना माहीतही नसते, म्हणून पाकिटामागचे घटक वाचा.

पैशांचं म्हणाल तर रोख दीड ते दोन लाख येन जवळ असावेत. वसतिगृहाचं पहिल्या महिन्याचं भाडं, गादीचा संच आणि विमा हे सगळं पहिल्या पंधरवड्यात येतं आणि शिष्यवृत्ती त्यानंतर. भारतातून एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा नेता येतात. डेबिट कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करायला विसरू नका. नवीन कार्डावर ते मुळात बंद असतात. चालू करायला ओटीपी लागतो आणि तो भारतीय नंबरवर येतो. म्हणून भारतीय सिम फेकून न देता रोमिंगवर एसएमएस येतील एवढ्या प्लॅनवर जिवंत ठेवावं. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या सेव्हन बँकेच्या एटीएममधून भारतीय कार्डावर येन निघतात.

मोठ्या विमानतळांवर, म्हणजे नारिता, हानेदा, चुबू, कान्साई इथे, उतरल्यावर रहिवासी कार्ड तिथल्या तिथे हातात देतात. याचं नाव झाइऱ्यू कार्ड. त्याच खिडकीवर आणखी एक काम करून घ्या. विद्यार्थ्याला अर्धवेळ काम करायचं तर वेगळी परवानगी लागते, शिकाकुगाई कात्सुदो क्योका. तिचा एक पानी फॉर्म आधी भरून नेला तर तो त्याच वेळी घेऊन कार्डाच्या मागे शिक्का मारतात. काम करायचं नसलं तरी घ्यावी, फुकट आहे. विमानतळावर राहिली तर पुढे इमिग्रेशनच्या कचेरीत रांग लावावी लागते आणि काही आठवडे जातात. कार्ड कायम खिशात हवं. पोलिसांनी मागितलं आणि घरी राहिलं म्हटलं तर तो कायद्याने गुन्हा आहे.

इथून शीर्षकातला क्रम सुरू होतो. फोन घ्यायचा तर कार्डावर पत्ता हवा. बँकेत खातं उघडायचं तर जपानी फोन नंबर हवा. शिष्यवृत्ती आणि पगार मिळायचा तर खातं हवं. म्हणून सगळ्यात आधी शहराचं किंवा वॉर्डाचं कार्यालय, शियाकुशो किंवा कुयाकुशो. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तिथे पत्ता नोंदवायचा असतो. ९० दिवस उलटले तर रहिवासाचा दर्जाच रद्द होऊ शकतो, पण प्रश्न तेवढा ताणायचाच कशाला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जा. पासपोर्ट, कार्ड आणि वसतिगृहाचा पत्ता खोली क्रमांकासह जपानीत लिहिलेला कागद न्यावा. खोली क्रमांक राहिला तर पुढची सगळी सरकारी पत्रं खालच्या पेटीत पडून राहतात. कर्मचारी कार्डाच्या मागे पत्ता छापून परत देतो.

त्याच मजल्यावर, बहुधा दोन-तीन काउंटर पलीकडे, राष्ट्रीय आरोग्य विमा. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तो सक्तीचा आहे. तो असला की डॉक्टरच्या बिलाचे ३० टक्के आपण भरतो. हप्ता मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून ‘जपानमध्ये उत्पन्न नव्हतं’ हे सांगून लिहून द्यावं. गावागावानुसार फरक पडतो, पण विद्यार्थ्याला महिना दीड-दोन हजार येनच्या घरात पडतो. २ डिसेंबर २०२४ पासून विम्याची जुनी कार्डं देणं बंद झालं. मायनंबर कार्ड, म्हणजे तिथलं आधारसारखं ओळखपत्र, नसलेल्यांना त्याऐवजी शिकाकु काकुनिनशो नावाचा कागद मिळतो. दवाखान्यात तोच दाखवायचा.

वय वीस पूर्ण असेल तर तिथेच पेन्शनचा विषय निघतो. हा फार जण टाळतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी एक जाड पाकीट येतं, आत प्रत्येक महिन्याच्या चलनाचा गठ्ठा. २०२५-२६ या वर्षी दरमहा १७,५१० येन. घाबरायचं कारण नाही, पण पाकीट तसंच टेबलावर ठेवायचंही नाही. विद्यार्थ्यांसाठी हप्ता पुढे ढकलण्याची सोय आहे. एक्स्चेंजचे विद्यार्थी मात्र बऱ्याच विद्यापीठांत ‘नियमित विद्यार्थी’ या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना उत्पन्न नसल्याची माफी मागणारा वेगळा अर्ज करावा लागतो. कुठला फॉर्म ते काउंटरवर ओळखपत्र दाखवून विचारा आणि त्याच दिवशी भरून या. पत्ता नोंदवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी १२ आकडी मायनंबरचं पत्र टपालाने येतं, ते जपून ठेवा.

त्यानंतर फोन. फक्त डेटाचं सिम पर्यटकांना सहज मिळतं, पण त्याला ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होणारा नंबर नसतो आणि बँक तो नसलेला फोन मोजत नाही. आवाजाची सोय असलेलं सिम घ्या. दोन वर्षांचा करार किंवा हँडसेटचे हप्ते यात शिरू नका.

बँकेत बहुतेक विद्यार्थी युउचो, म्हणजे टपाल बँकेत जातात. तिचं पासबुक नीट वाचायला शिका. त्यावर किगो आणि बांगो असे दोन आकडे असतात, टपाल बँकेतल्या टपाल बँकेत ते चालतात. बाहेरच्या संस्थेकडून आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर शाखेचा ३ आकडी क्रमांक आणि ७ आकडी खाते क्रमांक लागतो, आणि तो पासबुकात वेगळ्या ठिकाणी छापलेला असतो. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर किगो लिहिणारे दर सत्रात दोघे-तिघे निघतात. दुसरं असं की परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे जपानमध्ये सहा महिने न झालेला विद्यार्थी ‘अनिवासी’ धरला जातो, आणि त्या काळात परदेशातून खात्यात पैसे मागवण्यावर बंधनं येतात. म्हणजे पहिल्या सत्रात आईबाबांनी इथून थेट खात्यात पैसे टाकायचा बेत धरूच नका. फॉरेक्स कार्ड भारतातून भरत राहणं आणि एटीएममधून काढणं हा सरळ मार्ग.

जपान सरकारच्या जॅसो संस्थेची एक्स्चेंजसाठीची शिष्यवृत्ती महिना ८०,००० येन आहे. निवड तिकडचं विद्यापीठ गुणांवरून करतं. दर महिन्याला ठरलेल्या दिवसांत आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन सही करावी लागते. सही चुकली तर त्या महिन्याचे पैसे जातात. सहली त्या तारखा पाहून ठरवाव्यात.

अभ्यासाकडे वळू. व्हिसाच्या नियमामुळे आठवड्याला किमान १० तास शिकणं भाग असतं, म्हणून बहुतेक विद्यापीठं ९० मिनिटांचे किमान ७ तास घ्यायला लावतात. भाषेच्या वर्गांसाठी पातळी ठरवणारी चाचणी होते. जेएलपीटीत बोलणं आणि हाताने लिहिणं नसतं, त्यामुळे एन-३ झालेल्यालाही एक पायरी खाली बसवतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वर बसलात तर निबंध आणि कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या, छोट्या चाचण्यांत दमछाक होते. विषयांची नोंदणी पहिल्या दोन आठवड्यांत संगणकावर. मुदत संपली की एक मिनिट उशीर झाला तरी यंत्रणा बंद असते, आणि तिथे ‘सर, प्लीज’ चालत नाही.

हजेरी आपल्याकडच्यासारखी नाही. १५ पैकी ५ तास बुडले की बऱ्याच विषयांत नापासच. तीन वेळा उशीर म्हणजे एक गैरहजेरी, हेही अनेक शिक्षक धरतात. मोठ्या वर्गांत तास संपताना एक छोटा प्रतिसादाचा कागद घेतात आणि हजेरी त्यावरून लागते. वर्गात बसून तो दिला नाही तर तुम्ही गैरहजर. आगगाडी उशिरा आली तर स्टेशनवर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर उशिराचा दाखला मिळतो, चिएन शोमेइशो. तो शिक्षकाला दाखवावा. लहान चूक, पण महिन्याला काही हजार येनची: एक्स्चेंज विद्यार्थ्यांना विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण तो नियमित विद्यार्थ्यांसाठी असतो. विद्यापीठापासून लांब स्वस्त खोली घेताना हा हिशोब करावा.

कामाची मर्यादा २८ तास आणि ती ‘सोमवार ते रविवार’ अशी नसते. कुठल्याही दिवसापासून मोजले तरी सात दिवसांत २८ च्या आत बसले पाहिजेत. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हींची बेरीज. विद्यापीठाच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तास. तोक्योत किमान मजुरी ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे, बाहेरच्या प्रांतांत कमी. होस्टेस बार, पाचिंको (जुगारासारख्या खेळाच्या यंत्रांचे अड्डे) अशा ठिकाणी काम बेकायदा, भांडी घासायचं असलं तरी.

शाकाहाऱ्यांनी निकु, साकाना, तामागो आणि न्यू, म्हणजे मांस, मासा, अंडं आणि दूध, ही चार कांजी निघण्याआधी पाठ करावीत. काताकानातला ‘एकिसु’ म्हणजे अर्क हा शब्दही. बटाट्याच्या वेफर्सवर डुकराचा अर्क आणि भाजीच्या सूपमध्ये कात्सुओ माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला रस, निघतो. ‘बेजितारियन’ म्हटल्यावर समोरचा माणूस बऱ्याचदा मांसच तेवढं काढतो, मासा तसाच राहतो. ‘दाशी मो दामे देसु’, दाशीही नको, हे वाक्य वेगळं म्हणावं लागतं.

सायकल जुनी घेतली तरी तिची बोहान तोरोकु, म्हणजे चोरीविरोधी नोंदणी, आपल्या नावावर करून घ्या. सीनियरने जाताना प्रेमाने दिलेली सायकल त्याच्या नावावर राहिली आणि रात्री पोलिसांनी थांबवलं, तर ती चोरीची नाही हे सांगण्यात तासभर जातो.

मधल्या सुट्टीत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरी चक्कर मारायची असेल तर निघताना विमानतळावर एका फॉर्मवर ‘पुन्हा प्रवेशाचा इरादा आहे’ या चौकोनात खूण करायची असते. ती केली नाही तर विद्यार्थ्याचा दर्जा त्याच क्षणी संपतो आणि सीओईपासून सगळं पुन्हा.

कायमचं परत येतानाही क्रम आहे, आता उलटा. मोठं सामान, जसं गादी, सायकल, टाकायचं तर पालिकेकडे काही आठवडे आधी वेळ घेऊन पैसे भरून सामानावर स्टिकर लावावा लागतो. आदल्या दिवशी कचऱ्याच्या जागेवर ठेवून निघून गेलात तर बिल वसतिगृहाकडे येतं आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजच्या मुलांना खोली देताना त्यांचा चेहरा बदलतो. शहर कार्यालयात तेनशुत्सु तोदोके, म्हणजे गाव सोडत असल्याची नोंद, निघण्याच्या आधीच्या १४ दिवसांत. त्याच वेळी आरोग्य विमा बंद करून उरलेला हप्ता भरणं. मग बँक, आणि सगळ्यात शेवटी फोन, कारण बँकेचे संदेश फोनवर येतात.

अर्धवेळ काम करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट पाहावी. पगार पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होतो, म्हणजे शेवटचा पगार तुम्ही भारतात पोचल्यावर. खातं मित्राच्या हवाली करून येणं हा तिथे गुन्हा आहे. मालकाला एक महिना आधी सांगून शेवटचे पैसे रोख किंवा लवकर मागून घ्यावेत. रहिवासी कार्ड विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी घेतो आणि भोक पाडून निकामी करतो. आठवण म्हणून हवं असेल तर मागितल्यावर ते भोक पडलेलं कार्ड परत देतात. गुणपत्रिका शरद सत्राची मार्चमध्ये आणि वसंत सत्राची सप्टेंबरमध्ये आपल्या विद्यापीठाकडे येते. आणखी दोन बंद पाकिटांतल्या प्रती स्वतःच्या पत्त्यावर मागवाव्यात, कारण परीक्षा विभागातून पहिली हरवली तर दुसरी मागायला तिथला आंतरराष्ट्रीय विभाग विद्यार्थ्याची जपानीतली अर्जी, ओळखपत्राची प्रत आणि टपालखर्च मागतो, आणि टपालखर्च भरायला लागतं ते जपानी खातं तुम्ही नुकतंच बंद केलेलं असतं.